परदेशी कोण, हे बोलीवरून ठरत नाही

नागपूर ते हावडा हे अंतर रेल्वेने सुमारे ११३० किलोमीटर. बांगलादेशची सीमा त्याच्याही पलीकडे. तरीही ‘शहरात घुसखोर किती?’ हा वाद इथे दर काही महिन्यांनी पेटतो. कुठे चोरी झाली, कुठे बनावट जन्मदाखला सापडला, की सकाळी ठिय्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुरांकडे लोक संशयाने बघू लागतात.

बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला शोधून परत पाठवणे हा कोणत्याही देशाचा हक्क आहे आणि सरकारचे कामही. त्याबद्दल दुमत असायचे कारण नाही. गडबड होते ती ओळखण्यात. चार निरनिराळ्या माणसांना आपण एकाच माळेचे मणी समजतो. पहिला, चोरून सीमा ओलांडून आलेला. दुसरा, रीतसर व्हिसा घेऊन आलेला पण मुदत संपल्यावर न परतलेला. तिसरा, आश्रयाला आलेला आणि सरकारने राहू दिलेला. आणि चौथा, बंगाल, छत्तीसगड, बिहार किंवा ओडिशातून पोटासाठी आलेला आपलाच नागरिक. या चौथ्याला देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

विदर्भात हे चौघेही आहेत, आणि त्यांच्यातला फरक चेहऱ्यावरून किंवा भाषेवरून कळत नाही. इतवारीच्या सराफ्यात बंगाली कारागीर बारीक नक्षीकाम करतात. गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, चंद्रपूर जिल्ह्यात, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनेच जमिनी देऊन वसवले. त्यांची तिसरी-चौथी पिढी आता इथली आहे. त्या गावातला मुलगा नागपुरात शिकायला आला आणि फोनवर आईशी बंगालीत बोलला, तर त्यात संशय घेण्यासारखे काय आहे? उलट, रात्री शिट्टी वाजवत कॉलनीत गस्त घालणारा नेपाळी गुरखा खरोखरच परदेशी नागरिक असू शकतो, तरीही तो पूर्ण कायदेशीरपणे इथे आहे. भारत-नेपाळ सीमा १७५१ किलोमीटरची, आणि १९५० च्या करारामुळे खुली. नेपाळी नागरिकाला भारतात यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथल्या लोकांकडे परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्र असते आणि ते वेळोवेळी नूतनीकरण करून घ्यावे लागते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कुणाला आश्रय द्यायचा, हे सरकार गटागटाने, आदेश काढून ठरवते.

जरीपटक्याचे उदाहरण नागपूरकरांना जवळचे. पाकिस्तानातून आलेली अनेक सिंधी हिंदू कुटुंबे तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हा या कुटुंबांच्या पोटात गोळा आला होता. पण त्यांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने लगेच स्पष्ट केले. नागरिकत्व देण्याचे अधिकार २०१६ मध्ये देशातल्या ज्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारीही होते. ‘पाकिस्तानी नागरिक’ हा शब्द बातमीत वाचला की डोळ्यांपुढे जे येते, ते आणि जरीपटक्यातले किराणा दुकान यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे व्हिसाची मुदत संपूनही न परतणाऱ्याकडे, मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जून २०२१ मध्ये नागपुरातून परत पाठवलेला एक अफगाण नागरिक जवळजवळ दहा वर्षे शहरात राहत होता. तो कुंपणाखालून आला नव्हता, पर्यटक व्हिसावर आला होता. अशा माणसाला सीमेवरची कितीही उंच तार अडवू शकत नाही, कारण तो आला तेव्हा त्याचे कागद बरोबरच होते.

नवा कायदा काय सांगतो

१ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५’ लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने रद्द केले. वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना देशात शिरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरल्यास किंवा पुरवल्यास किमान २ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय १ ते १० लाख दंड. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे किंवा त्याच्या अटी मोडणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड.

या कायद्यातली एक तरतूद नेहमीच्या फौजदारी खटल्याच्या अगदी उलट आहे. चोरीच्या खटल्यात आरोपीने चोरी केली हे पोलिसांनी सिद्ध करायचे असते. इथे ‘मी परदेशी नाही’ हे त्या माणसानेच सिद्ध करायचे असते. जुन्या १९४६ च्या कायद्यातही हेच होते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ रोजी आसामच्या एका प्रकरणात या तरतुदीची मर्यादा आखून दिली: आधी सरकारकडे संशयाला काही ठोस आधार हवा, आणि तो आधार त्या माणसाला कळवायला हवा; नुसत्या ऐकीव माहितीवर कुणालाही उचलून ‘आता सिद्ध कर’ म्हणता येत नाही. नावाच्या स्पेलिंगमधला किंवा तारखेतला किरकोळ फरक हा परदेशीपणाचा पुरावा नाही, हेही न्यायालयाने सांगितले. आपल्या घरातली कागदपत्रे काढून बघा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत दुसरे, आधारवर तिसरे, असे निम्म्या घरांत सापडेल.

घरमालकाने नेमके काय करायचे

नागपुरात बसून सीमेवर पहारा देता येत नाही, पण खोली भाड्याने देताना जी तपासणी होते ती आपल्याच हातात असते. आणि तीच सर्वांत ढिसाळ होते.

बहुतेक घरमालक आधारची झेरॉक्स घेतात आणि फाइलमध्ये ठेवून देतात. झेरॉक्सवरचा फोटो आणि नाव कुणीही बदलू शकतो. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. नाव, जन्मतारीख, फोटो पडद्यावर येतो आणि तो समोरच्या कार्डाशी जुळतो का हे दोन मिनिटांत कळते. आपल्याकडे ठेवण्यासाठी शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत मागा. भाडेकरूचा पूर्ण क्रमांक तुम्हाला लागत नाही.

दुसरी चूक माणसांच्या मोजणीत होते. करार एकाच्या नावावर आणि खोलीत सहा जण. कळमना, पारडी, वाठोडा या बाजूच्या खोल्यांत हे सर्रास चालते. कागद एकाचे घेतले, पण पोलीस आले तर सहाही जणांबद्दल तुम्हाला विचारणार. प्रत्येक प्रौढाचा फोटो, मूळ गावचा पत्ता, तिथला एक फोन नंबर आणि कामाच्या ठिकाणचे किंवा ठेकेदाराचे नाव लिहून घ्या. गावचा नंबर तुम्ही स्वतः एकदा लावून बघा.

तिसरी गोष्ट कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणी न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्चाची भीतीही उगाच आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. महिना १० हजार भाडे, ५० हजार परत करायची अनामत, ११ महिने असा करार धरला तर शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार.

मग पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. यासाठी पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आदेश काढतात. असा आदेश एका वेळी दोन महिनेच चालतो, पुन्हा काढावा लागतो. तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. आदेश आज चालू आहे की नाही हे शोधत बसण्यापेक्षा दरवेळी माहिती देऊन पोच घ्यावी. ती पोच उद्या तुमच्याच कामी येते.

भाडेकरू किंवा पाहुणा उघडच परदेशी असेल, तर आणखी एक काम वाढते. हॉटेल, लॉज, वसतिगृह, खासगी घर, कुठेही परदेशी माणूस उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरावी लागते. जुन्या सवयीने लोक याला सी-फॉर्म म्हणतात. नागपूर शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेकडे आहे. महाविद्यालये आणि रुग्णालये यांनाही परदेशी विद्यार्थी-रुग्णांची माहिती द्यावी लागते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने स्वतः १४ दिवसांत नोंदणी करायची असते. पाकिस्तानी नागरिकाला २४ तासच मिळतात. व्हिसा संपूनही राहणारे लोक सापडतात ते या नोंदींमधून. लॉजवाल्याने एक नोंद टाळली की एक माणूस यंत्रणेच्या नजरेतून निसटतो.

जन्मदाखल्याला बाजारभाव का आला

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार कायद्यातच तसे लिहिले आहे. १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कुणी नागरिक ठरत नाही.

मग ठरते कशाने? जन्माच्या तारखेने. नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये तीन टप्पे आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईवडील कोणीही असोत. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मला असेल तर आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाला भारतातल्या जन्माची एक नोंद पुरते, पण विशीतल्या मुलाला आईवडिलांचेही कागद दाखवावे लागतात.

हे तीन टप्पे समजले की बनावट जन्मदाखल्यांचा धंदा का चालतो ते कळते. जुलै १९८७ च्या आधीची एक खोटी नोंद मिळाली, की पुढच्या दोन पिढ्यांचे कागद तिच्यावर उभे राहतात. खोटी नोंद घुसवायची जागा म्हणजे उशिरा नोंदणी. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. त्यानंतर, जन्मापासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी, आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी हा आदेश न्यायालयातले प्रथम वर्ग दंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तहसील कार्यालयात. काम सोपे झाले, तशी फटही रुंद झाली. मालेगाव, अकोला, अमरावतीच्या प्रकरणांवरून गदारोळ झाल्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये अशा नोंदी थांबवून विशेष तपास पथक नेमले आणि मार्चमध्ये पुराव्यांची अट कडक केली.

दाखला हातात आला तर त्यावरच्या दोन तारखा बघा, जन्माची आणि नोंदणीची. त्यांत तीस-चाळीस वर्षांचे अंतर असेल तर ती उशिरा केलेली नोंद आहे. पण उशिरा म्हणजे खोटी नव्हे. आपल्याकडे कितीतरी बायका घरी, शेतावर, वीटभट्टीवर बाळंत झाल्या. कुणी नोंद केली असणार? असा दाखला खरा की खोटा हे त्यामागच्या कागदांवरून ठरते: शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, गावचे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), जुनी मतदार यादी, आईवडिलांच्या नावचा सातबारा. अनेक गावांत ही रजिस्टरे वाळवीने खाल्ली आहेत, पाने सुटली आहेत. कडक नियमांचा पहिला मार खोटे दाखले विकणाऱ्याला बसतो तसाच भटक्या जमातींतल्या, वीटभट्टीवरच्या खऱ्या माणसालाही बसतो. उपाय एकच दिसतो: खोटा पुरावा देणाऱ्यावर आणि डोळे झाकून सही करणाऱ्यावर गुन्हा, आणि खऱ्या माणसाला मूळ रजिस्टर तपासून निकाल. अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे एका फटकाऱ्यात मंजूर करणे जितके चुकीचे, तितकेच ते तसेच रद्द करणेही.

गुन्ह्याचा हिशेब

‘बाहेरचे आले म्हणून गुन्हे वाढले’ हे वाक्य खरे की खोटे, हे सांगायला दोन आकडे लागतात. त्या गटातल्या किती जणांनी गुन्हे केले, आणि तो गट एकूण किती मोठा. दुसरा आकडा भारतात कुणाकडेच नाही. जुलै २००४ मध्ये संसदेत सुमारे १ कोटी २० लाख बेकायदा बांगलादेशी असल्याचे उत्तर दिले गेले, आणि थोड्याच दिवसांत मंत्र्यांनीच तो आकडा विश्वासार्ह नसल्याचे सांगितले. २०१६ मध्ये संसदेत २ कोटींचा आकडा आला. चोरून आलेल्यांची नेमकी मोजणी शक्य नाही, असेही सरकार संसदेत सांगत आले आहे. शेवटची जनगणना २०११ ची. छेद माहीत नसताना टक्केवारी कशी काढणार?

पहिल्या आकड्यातही खोच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग परदेशी नागरिकांनी केलेल्या गुन्ह्यांची वेगळी आकडेवारी देतो. ती वाचताना त्यात परदेशी नागरिक कायद्याखालचे गुन्हे किती आणि चोरी, मारहाण, अमली पदार्थ यांचे किती, हे वेगळे काढावे लागते. कागदाविना राहणे हाच गुन्हा असल्यामुळे पोलिसांनी मोहीम राबवली की आकडा वाढतो. त्याचा अर्थ शहरात चोऱ्या वाढल्या असा होत नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्यात अटक झालेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे केंद्रीय खात्याकडे तपासले जातात, त्यामुळे तो कागदाविना राहत होता का हे नोंदले जाते. त्या नोंदींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कागदाविना राहणाऱ्यांचे गंभीर गुन्ह्यांतील अटकेचे प्रमाण तिथे जन्मलेल्या नागरिकांपेक्षा कमी आढळले. तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण प्रश्न आकड्यांनी सोडवायचा असेल तर कोणती नोंद ठेवावी लागते, हे त्यातून कळते.

सीमेवर होणारे गुन्हे मात्र खरे आणि ठोस आहेत: जनावरांची तस्करी, बनावट नोटा, मुलींची विक्री, आणि माणसे पार करणारे दलाल. बांगलादेशशी आपली सीमा ४०९६ किलोमीटरची. त्यातल्या सुमारे ३२३० किलोमीटरवर कुंपण आहे. उरलेल्या भागात नद्या, वाहून जाणारी बेटे, दलदल आणि भूसंपादन अडलेल्या जागा. १९७५ च्या समझोत्यामुळे कुंपण प्रत्यक्ष रेषेपासून १५० यार्ड आत घालावे लागते, म्हणून कित्येक भारतीय शेतकऱ्यांची शेते कुंपणापलीकडे आहेत आणि त्यांच्यासाठी रोज दारे उघडावी लागतात. दलालाचे पैसे त्या दारांवर आणि अलीकडच्या कागदांवर चालतात. दलाल पकडला तर पन्नास माणसे थांबतात, मजूर पकडला तर एक.

परत पाठवणे, आणि त्यात होणारी चूक

रीतसर मार्ग लांबचा आहे. अटक, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजेरी, खटला किंवा हद्दपारीचा आदेश, मग परराष्ट्र मंत्रालयामार्फत त्या देशाच्या वकिलातीकडून नागरिकत्वाची खातरजमा, प्रवासाचा परवाना, आणि पोलीस बंदोबस्तात रेल्वेने सीमेपर्यंत नेऊन सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात देणे. बहुतेक प्रकरणे खातरजमेवर अडतात. माणसाने गावाचा पत्ता खोटा सांगितला की समोरचा देश ‘हा आमचा नाही’ म्हणतो आणि तो माणूस वर्षानुवर्षे स्थानबद्ध राहतो.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सूचना दिली: पकडलेला माणूस स्वतःला भारतीय म्हणवत असेल तर ज्या राज्याचे नाव तो सांगतो तिकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्यावी. ही मुदत पाळली नाही तर काय होते ते त्याच उन्हाळ्यात दिसले. जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले मुर्शिदाबादचे मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. दिल्लीतून उचललेली बीरभूमची एक गरोदर बाई कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरही डिसेंबरपर्यंत परतू शकली नाही. हे दुर्मीळ अपवाद म्हणून सोडून देण्यासारखे नाही. आपल्याच देशातून आपल्याच माणसाला हाकलले, यापेक्षा सीमा-व्यवस्थेचे मोठे अपयश कोणते?

चूक सुरू होते ती पहिल्या तासात. बोलण्याची ढब, मोबाइलमध्ये +८८० ने सुरू होणारा नंबर, एवढ्यावर निष्कर्ष काढला जातो. हा बांगलादेशचा कोड खरा, पण मालदा, मुर्शिदाबाद, नदिया या जिल्ह्यांत फाळणीने एकेका कुटुंबाचे दोन देश केले. मावशी पलीकडे असणे हा गुन्हा नाही. अशा नंबरवरून चौकशी सुरू करावी, संपवू नये.

म्हणून तुमच्या साइटवरचा, कारखान्यातला, खोलीतला एखादा बंगाली मजूर चौकशीला नेला गेला, तर त्याच्यासाठी पुढची कामे लगेच करण्यासारखी आहेत. अटकेची कारणे लेखी मागा. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. त्याच्या गावाहून आईवडिलांच्या नावाची जुनी मतदार यादी, शाळेचा दाखला किंवा जमिनीचा उतारा मोबाइलवर मागवून तपास अधिकाऱ्याला छापील प्रत द्या आणि पोच घ्या. आणि पत्ता नुसता ‘मुर्शिदाबाद’ असा लिहू नका. गाव, ग्रामपंचायत, ब्लॉक, पोलीस ठाणे, जिल्हा, आणि तिथला फोन उचलणाऱ्या एका माणसाचे नाव, असे सगळे लिहून द्या. त्या ३० दिवसांत तिकडचा हवालदार योग्य दारात पोहोचतो की नाही, हे या ओळीवर अवलंबून असते.